कौल, अनुग्रह आणि जामीनकी : सन २०२० च्या अर्थसाहाय्याच्या कागदांचें परीक्षण

ह्या त्रैमासिकांत अवघ्या कांहीं वर्षांपूर्वींच्या सरकारी कागदांचें परीक्षण पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. तीनशें वर्षांचा कागद तो ऐतिहासिक आणि कालपरवांचा तो बाजारचा, असा एक समज आपल्या मंडळींत आहे. परंतु कागदाचें वय हें त्याच्या परीक्षेचें प्रमाण नव्हे. कोणी दिला, कोणास दिला, काय देऊं केलें, हातीं काय पडलें, आणि शब्द व व्यवहार यांत अंतर किती राहिलें, हेच प्रश्न आपण पेशवे दफ्तरांतील कौलनाम्यास विचारतों. तेच सन २०२० च्या शासननिर्णयास विचारावयाचे. साक्षीदार अद्याप हयात आहेत एवढाच काय तो फरक, आणि तो सोयीचाच आहे.

महामारीनें बसलेला धंदा पुन्हा उभा राहावा म्हणून केंद्र सरकारनें व महाराष्ट्र शासनानें त्या वर्षीं जें अर्थसाहाय्य जाहीर केलें, त्याचे कागद हा येथें परीक्षणाचा विषय. त्या वेळीं त्यांना 'धाडसी' आणि 'ऐतिहासिक' हीं विशेषणें मुबलक लागलीं. विशेषणें दूर ठेवून वाक्य कसें वाचावें हें मीमांसकांनीं पूर्वींच सांगून ठेविलें आहे. आधीं विधि कोणता आणि अर्थवाद कोणता हें निवडावें. अर्थवाद स्तुतीपुरता असतो. त्यानें कोणावर कांहीं कर्तव्य येत नाहीं व कोणाच्या पदरांत कांहीं पडत नाहीं. ही निवड केली म्हणजे धाडस कोठें होतें आणि कोठें नव्हतें, हें आपोआप उमगतें.

घटनाक्रम सर्वांच्या स्मरणांत आहे. ९ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्रांतील पहिले रुग्ण पुण्यांत आढळले. १३ मार्च रोजीं राज्य शासनानें १८९७ चा साथरोग कायदा लागू केला आणि २५ मार्चपासून सबंध देश बंद झाला. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगांव येथील यंत्रें थांबलीं. एप्रिल ते जून या तिमाहींत देशाचें उत्पादन आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीहून २३.९ टक्क्यांनीं घटलें, असा पहिला अंदाज सरकारनेंच प्रसिद्ध केला.

जो कायदा लागू झाला तो आपल्या अभ्यासाच्या टप्प्यांतला आहे. प्लेगच्या वर्षीं, फेब्रुवारी १८९७ मध्यें झालेला हा कायदा मूळचा चार कलमांचा. पुण्याच्या वाचकास रँडची कथा सांगणें नलगे. कायद्यानें सरकारास तपासणीचा व बंदीचा अधिकार दिला, आज्ञा मोडणारास शिक्षा सांगितली आणि अधिकाऱ्यास दाव्यापासून अभय दिलें. लोकांच्या पोटापाण्याचा स्पर्श मात्र त्याला एकाच ठिकाणीं झाला आहे. दुसऱ्या कलमांत, झालेला खर्च कोणी व कसा सोसावा हें सरकारनें ठरवावें असें म्हणतांना कंसांत नुकसानभरपाईचा उल्लेख येतो, आणि तिलाहि लगेच 'असल्यास' अशी जोड दिलेली आहे. 'चेत्' या अव्ययाचें सामर्थ्य संस्कृत शिकलेल्यास ठाऊक असतें. सबंध वाक्याचा भार तें एकटें उचलतें. येथें लक्षावधि लोकांची मजुरी त्या 'असल्यास'वर टांगलेली आहे. सव्वाशें वर्षांनीं कायदा पुन्हा बाहेर काढला गेला तेव्हां अधिकाऱ्यांचा अधिकार जसाचा तसा कामास आला. भरपाईचें कलम मात्र त्यांत नव्हतेंच. तें वेगळ्या कागदांनीं भरून काढावें लागलें. ते कागद म्हणजेच हें अर्थसाहाय्य.

कौटिल्यानें चौथ्या अधिकरणांत 'उपनिपातप्रतीकार' म्हणून एक अध्याय लिहिला आहे. त्यांत अग्नि, उदक, व्याधि, दुर्भिक्ष अशीं आठ महाभयें गणून प्रत्येकाचा उपाय निराळा सांगितला आहे. व्याधीवर वैद्य व औषध. दुर्भिक्षांत बीज व अन्न यांचा साठा करून प्रजेवर अनुग्रह, शिवाय दुर्ग व सेतु यांची कामें काढून त्यांवर पोट भरणें. सन २०२० ची गोष्ट अशी विलक्षण कीं, तेथें एका भयाचा उपाय हाच दुसऱ्या भयाचें कारण झाला. पाऊस चांगला होता, गोदामांत धान्य होतें, आणि तरीहि दुर्भिक्ष पडलें, कारण व्याधीवरचा इलाज म्हणून कामच बंद केलें गेलें. ज्यानें काम बंद केलें त्याच्यावर अनुग्रहाचें दायित्व अधिक येतें. कागद वाचतांना ही गोष्ट विसरतां कामा नये.

आतां मुख्य कागद. १२ मे २०२० रोजीं पंतप्रधानांनीं वीस लाख कोटी रुपयांची घोषणा केली. ती रक्कम देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या सुमारें १० टक्के सांगितली गेली. १३ ते १७ मे असे पांच दिवस अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीं तिचा तपशील दिला. शेवटीं जो ताळेबंद मांडला तो असा : पांच हप्त्यांचे मिळून ११,०२,६५० कोटी, त्याआधीं जाहीर झालेल्या तरतुदी १,९२,८०० कोटी, आणि रिझर्व्ह बँकेच्या उपायांचे ८,०१,६०३ कोटी, एकंदर २०,९७,०५३ कोटी. बेरीज चोख आहे. प्रश्न बेरजेचा नसून जातीचा आहे. जुन्या इनामपत्रांत जल, तरु, तृण, पाषाण, निधि, निक्षेप अशी मोजदाद असते. वाचणारास दान अफाट वाटतें. इनामदाराच्या घरीं येतें तें वसुलाचें धान्य. तसेंच येथें झालें आहे. बँकांनीं कर्ज द्यावें म्हणून त्यांस मोकळा करून दिलेला पैसा, सरकारनें कर्जास दिलेली हमी, आणि सरकारच्या तिजोरींतून खरोखर बाहेर पडणारा पैसा, हीं तीन भिन्न जातींचीं द्रव्यें एका रकान्यांत ओळीनें मांडलेलीं आहेत. वीस लाखांचा आंकडा हा अर्थवाद. विधि पाहावयाचा तर पहिल्या हप्त्यांतील सर्वांत मोठी बाब पाहिली पाहिजे.

ती बाब लघुउद्योगांच्या तीन लाख कोटींच्या कर्जाची. नियम असा कीं, २९ फेब्रुवारी २०२० रोजीं ज्या उद्योगाचें कर्ज शिल्लक असेल, त्यास त्या शिलकेच्या २० टक्क्यांपर्यंत नवें कर्ज तारणावांचून मिळावें. शिल्लक २५ कोटींच्या आंत व वार्षिक उलाढाल १०० कोटींच्या आंत असावी, जुन्या खात्याचा हप्ता साठ दिवसांहून अधिक थकलेला नसावा. मुदत चार वर्षांची, पैकीं पहिल्या वर्षीं मुद्दल मागूं नये. बँकेनें व्याज ९.२५ टक्क्यांहून व बँकेतर कंपनीनें १४ टक्क्यांहून अधिक घेऊं नये. कर्ज बुडाल्यास तें सरकार भरून देईल. ह्या संपूर्ण हमीसाठीं सरकारनें तें वर्ष व पुढील तीन वर्षें मिळून ४१,६०० कोटींची तरतूद केली.

म्हणजे सरकार येथें दाता नाहीं, तर प्रतिभू आहे. आपल्या बोलींत जामीन. याज्ञवल्क्यानें जामीनकीचे तीन प्रकार मानले आहेत : दर्शनाची, प्रत्ययाची व दानाची. ऋणकोस हजर करीन, हा विश्वासास पात्र आहे, आणि यानें न दिलें तर मी देईन, असे त्यांचे अनुक्रमें अर्थ. सरकारची जामीनकी तिसऱ्या प्रकारची, म्हणजे तिहींत सर्वांत भारी, हें मान्य केलें पाहिजे. परंतु जामीन कोणाचीहि भीति घालवीत असला तर ती धनकोची. ऋणकोचें ऋण तसेंच राहतें.

याच्या शेजारीं दुसरा एक कागद ठेवूं. शिवछत्रपतींचें ५ सप्टेंबर १६७६ चें, मामले प्रभावलीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें पत्र वाचकांच्या परिचयाचें आहे. त्यांतील विधि थोडक्यांत असा. सुभेदारानें गांवोगांव स्वतः फिरावें. कुणबी गोळा करून कोणापाशीं माणसें किती, गुरें किती तें पाहावें. ज्यापाशीं बैल नाहींत, पोटास दाणे नाहींत व त्यावांचून जो अडून बसला आहे, त्याच्या हातीं बैलांचे पैसे रोख द्यावे, पोटासाठीं धान्य द्यावें. वाढीदिढी करूं नये. मुद्दल तेवढें, तेंहि तो तवाना होत जाईल तसतसें हळूहळू घ्यावें. ह्या कामीं दोन लाख लारींपर्यंत खर्च आला तरी तो मान्य होईल. (लारी म्हणजे चांदीच्या दुमडलेल्या तारेचें तें कोंकणपट्टींत चालणारें नाणें, आपल्यापैकीं नाणेसंग्राहकांच्या पेट्यांत तें असेलच.)

हें पत्र महामारीचें नाहीं, हें मी जाणतों. शिवाय तें आज्ञेचें पत्र आहे, हिशेबाचें नव्हे. तेव्हां किती बैल वाटले गेले हें त्यावरून ठरवूं नये. पण सन २०२० चा नियमहि आज्ञाच आहे, आणि आज्ञेशीं आज्ञा ताडून पाहण्यास हरकत नाहीं. एका कागदांत पात्रतेची कसोटी 'जो अडला आहे तो' ही, आणि दुसऱ्यांत 'ज्याचें कर्ज आधींच आहे तो' ही. पहिल्यांत तोटा राजानें आरंभींच अंगावर घेतला आहे व त्याची मर्यादाहि आंकड्यानें सांगितली आहे. दुसऱ्यांत तोटा झालाच तर पुढें पाहूं, असा भाव आहे. पहिल्यांत अधिकारी कुणब्याकडे जातो. दुसऱ्यांत धंदेवाला खिडकीपाशीं येतो. आणि 'तवाना' हा फारसी शब्द तर सबंध पत्राचा प्राण आहे. वसुलीचा काळ पंचांगानें ठरलेला नाहीं, घेणाऱ्याच्या अंगांतील बळानें ठरलेला आहे. कौटिल्यानेंहि जनपदनिवेशाच्या अध्यायांत शेतकऱ्यास धान्य, पशु व हिरण्य देऊन तें त्यानें सवडीनें परत करावें असें म्हटलें आहे. दोहोंमध्यें दोन हजार वर्षांच्या आसपास अंतर आणि एकाच्या ग्रंथाचा दुसऱ्याशीं संबंध असण्याचें कारण नाहीं. तरी राज्यकर्त्याची दृष्टि तीच आहे.

हा भेद पुस्तकी नाहीं, हें चिखलींत राहून मला चांगलें समजलें. आमचें गांव, जुन्या लोकांचें टाळगांव चिखली, तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकीं मल्हारपंतांचें. सन १९९७ मध्यें तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत गेलें. त्याच्या आधींपासूनच मळ्यांतून लहान कारखाने उठूं लागले होते. मोठ्या कारखान्यास सुटे भाग पुरविणारा एक, त्यास पुरविणारा दुसरा, त्याचें जॉबवर्क करणारा तिसरा, अशी ही उतरंड. माझा एक जुना विद्यार्थी त्या उतरंडीच्या तळाशीं होता. दोन लेथ यंत्रें, चार कामगार. यंत्रें त्यानें भिशीच्या पैशांतून व घरांतील सोनें मोडून रोखीनें घेतलेलीं. आयुष्यांत कोणाचें कर्ज काढलें नाहीं, ह्याचा त्याला अभिमान होता. जून २०२० मध्यें तो बँकेंतून परत आला तो नियमाचा कागद घेऊन, आणि मला म्हणाला, "सर, ह्याचा अर्थ मला नीट लावून द्या." अर्थ लावण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. शिल्लक कर्ज शून्य. शून्याचे वीस टक्के शून्य. एवढें गणित त्याला शाळेंतच येत होतें. त्याच गल्लींतील दुसऱ्या वर्कशॉपवाल्याचें यंत्र बँकेच्या कर्जाचें होतें. त्यास त्याच नियमानें पैसे मिळाले, आणि त्यानें कामगारांचे थकलेले पगार दिले. दोघेहि प्रामाणिक, दोघांचेंहि काम एकाच दिवशीं बंद पडलेलें. एकास राज्य भेटलें, दुसऱ्यास भेटलें नाहीं, आणि तें न भेटण्याचें कारण त्याचा ऋणमुक्तपणा हें होतें. ऋणमुक्त गृहस्थास अपात्र ठरविणारा नियम आपल्या धर्मशास्त्रांत मला कोठें आढळला नाहीं.

येथें समतोल राखला पाहिजे. स्टेट बँकेच्या संशोधन विभागानें जानेवारी २०२२ मध्यें असें मांडलें कीं, ह्या जामीनकीमुळें सुमारें १३.५ लाख खातीं बुडण्यापासून वांचलीं, आणि त्यांत बहुतेक सूक्ष्म व लघु उद्योगांचीं होतीं. आंकडा धनकोच्या घरचा असला तरी तो टाकून देण्याजोगा नाहीं. माझ्या विद्यार्थ्याचा शेजारी त्यांतलाच. हमीची मर्यादाहि पुढें वाढवीत पांच लाख कोटींपर्यंत नेली गेली. ज्यांचा धंदा वहीवर होता, त्यांना हा उपाय लागू पडला. जो वहीबाहेर होता त्याच्यासाठीं मूळ कागदांत जागा थोडी होती. १ जून २०२० च्या योजनेंत पथारीवाल्यांना दहा हजार रुपयांचें खेळतें भांडवल देऊं केलें. रक्कम लहान, परंतु 'आधींचें कर्ज दाखवा' ही अट तिला नाहीं, म्हणून तिची जात १६७६ च्या पत्राच्या अधिक जवळची आहे. रोजगार हमीस आधींच्या ६१,५०० कोटींवर आणखी ४०,००० कोटी दिले, हा सेतुकर्माचाच प्रकार. २६ मार्चच्या तरतुदींत माणशीं पांच किलो धान्य फुकट व जनधन खातें असलेल्या स्त्रियांस तीन महिने दरमहा पांचशें रुपये, हा तर शुद्ध अनुग्रह. वीस लाख कोटींच्या गजरांत हीं दानें झांकून गेलीं. माझ्या मतें धाडस म्हणावयाचें तर तें ह्यांत होतें, आणि तें फारच थोड्या रकमेचें केलें गेलें.

"तिजोरी रिकामी झाली असती तर?" हा आक्षेप हलका नाहीं. कोश घटविणारे अनुग्रह टाळावे, अल्पकोश राजा प्रजेसच खातो, असें त्याच कौटिल्यानें बजाविलें आहे. परंतु त्याच ठिकाणीं कोश वाढविणारे अनुग्रह अवश्य करावे असेंहि आहे. दोन लेथ चालूं राहिले तर त्यांवरील कर येत राहतो, आणि बंद पडले तर दोन्हीं जातात. कौटिल्याचें अर्धेंच वाक्य वाचण्याची संवय सर्व काळच्या खजिनदारांस असते.

आमच्या राज्य शासनानें ही अर्धी ओळ अधिक मनावर घेतली. ४ मे २०२० च्या शासननिर्णयानें विकासकामांचा खर्च अंदाजपत्रकाच्या ३३ टक्क्यांवर आणला, नवीं कामें व नवी नोकरभरती थांबविली. दुर्भिक्षांत सेतुकर्म काढावें हा जुना दंडक. येथें नेमकें उलट झालें. करांचें उत्पन्न आटलें होतें हें खरें, तथापि आटलेल्या वर्षींच कामाची गरज असते.

उलट मुद्रांकशुल्काचा निर्णय मला चांगला वाटतो, आणि त्याचें कारण आपल्या वाचकांस चटकन् समजेल. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० पर्यंत शुल्कांत ३ टक्क्यांची सूट, १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांची, आणि त्यानंतर मूळ दर. ही घडण इस्ताव्याच्या कौलाची आहे. पडित जमीन लागवडीस आणणाऱ्यास पहिल्या वर्षीं अल्प धारा, मग चढत चढत पुरा, हीच ती रीत. फक्त वर्षांच्या जागीं महिने आले. सूट कोणास, किती व केव्हांपर्यंत, हें तिन्हीं उघड असल्यानें डिसेंबरअखेर नोंदणी कचेऱ्यांत गर्दी लोटली. उणें एवढेंच कीं, हा परिहार घर घेऊं शकणाराचा. त्या इमारतींवर विटा वाहणारास तो दुरूनच लाभला.

कौल दिला आणि कूळ आलेंच नाहीं, असेंहि एक उदाहरण ह्याच पट्ट्यांत आहे. १५ जून २०२० रोजीं राज्यानें बारा सामंजस्य करार केले. त्यांत तळेगांव येथें ३,७७० कोटी रुपये घालण्याचा ग्रेट वॉल मोटर्स ह्या चिनी कंपनीचा करार होता. त्याच रात्रीं गलवान खोऱ्यांत चकमक झाली. आठवड्याच्या आंत, एकंदर पांच हजार कोटींवरील तीन चिनी प्रस्ताव जागच्या जागीं थांबविल्याचें उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनीं सांगितलें. सन २०२२ मध्यें त्या कंपनीनें बेतच सोडला. जो जनरल मोटर्सचा कारखाना ती घेणार होती तो पुढें ह्युंदाईकडे गेला. करारावरील तारीख आणि चकमकीची तारीख एकच, हा योग एखाद्या बखरकारानें लिहिला असता तर आपण तो प्रक्षिप्त ठरविला असता.

आतां वाढीदिढीचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेनें २७ मार्च २०२० रोजीं रेपो दर ४.४० टक्के केला (पुढें २२ मे रोजीं ४ टक्के) आणि कर्जाचे हप्ते तीन महिने स्थगित ठेवण्याची मुभा दिली; ती नंतर ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. लोकांनीं 'स्थगित' म्हणजे 'माफ' असा अर्थ केला, तो चुकीचा होता. त्या सहा महिन्यांचें व्याज मुद्दलांत मिळून त्यावर पुन्हा व्याज चढत होतें. ऑक्टोबर २०२० मध्यें केंद्र सरकारनें दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरील हें व्याजावरचें व्याज स्वतः भरून देण्याचें ठरविलें, आणि २३ मार्च २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रकमेची मर्यादा न ठेवतां स्थगितीच्या काळांतलें चक्रवाढ व्याज कोणाकडूनहि घेऊं नये असा निकाल दिला. जी गोष्ट १६७६ च्या पत्रांत एका शब्दांत, आरंभींच सांगून टाकिली आहे, ती येथें सर्वोच्च न्यायासनापर्यंत जाऊन वर्षानें मिळाली. सोळाशें तिसाच्या दुष्काळानंतर तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत टाकल्याची परंपरा आमच्या गांवापासून हांकेच्या अंतरावरची. ऋणको सुटले, कागदसंग्राहकाचें मात्र कायमचें नुकसान झालें.

संग्राहकांचा विषय निघाला म्हणून एक विनंति. सरकारी निर्णय मुंबई-दिल्लीच्या दफ्तरांत राहतील. त्यांची चिंता नको. नाश पावत आहेत ते खालचे कागद : कारखान्यांस मिळालेले चालू ठेवण्याचे परवाने, कामगारांचे प्रवासाचे पास, बँकांनीं दिलेले नकाराचे लेखी जबाब, बंद महिन्यांतील हजेरीपटाचीं कोरीं पानें, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरचें सभागृह रुग्णालय झालें त्या दिवसांतील चिठ्ठ्या. १६७६ च्या आज्ञेचा हिशेब आपणांस हवा आहे. २०२० च्या आज्ञेचा हिशेब ह्या कागदांत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्यें महानगरपालिकेनें कुदळवाडी-चिखलींतील हजारों अनधिकृत बांधकामें पाडलीं, त्यांत गोदामांबरोबर लहान वर्कशॉपेंहि गेलीं; आणि जागा हलवितांना माणूस प्रथम टाकतो तीं जुनीं बिलें. माझ्या विद्यार्थ्याचा तो नियमाचा कागद, कडेला त्यानें पेन्सिलीनें मांडलेल्या शून्याच्या गुणाकारासह, मी मागून ठेविला आहे. ज्यांस असे कागद मिळतील त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, यंत्रांतून उष्णतेनें उमटलेल्या पावत्यांची अक्षरें चारपांच वर्षांत पांढरीं होतात. त्यांची छायाप्रत आधीं काढावी, वर्गवारी मागाहून करावी.